ओलाव्याचे यंत्र, मामांची ट्रॉली आणि विश्वासाने चालवायचे अध्यक्षपण

प्रश्न : औसा तालुक्यातील एक अध्यक्ष

सर्वांना सलाम.

मी लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात राहतो. आमच्या सात-आठ गावांची मिळून एक शेतकरी उत्पादक कंपनी आहे आणि गेली तीन वर्षे मी तिच्या संचालक मंडळाचा अध्यक्ष आहे. सभासद साधारण चारशे असतील. त्यांत ख्रिस्ती घरे तीनच, एक माझे, एक माझ्या सख्ख्या मामांचे आणि एक शिक्षक कुटुंबाचे. आजोबा मिशनच्या बोर्डिंगात शिकले, वडील शेवटपर्यंत मंडळीचे, म्हणजे इथल्या चर्चचे, पंच होते. आमची घरे पूर्वी गावाच्या कोणत्या बाजूला होती हे इथल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. ज्यांच्या हातचे पाणी गाव घेत नव्हते त्यांच्या नातवाच्या हाती आज गावाचा काटा आहे, आणि हे मी विसरलो तरी गाव विसरत नाही. म्हणून माझ्या हातून चूक झाली तर ती माझ्या एकट्याच्या नावावर मांडली जात नाही, आमच्या तिन्ही घरांच्या नावावर जाते.

जो मोठा होऊ पाहतो त्याने सेवक व्हावे, हे प्रभूचे शिक्षण मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. परंतु हंगामाच्या गर्दीत, मागे वीस ट्रॅक्टर उभे असताना, ते नेमके कसे पाळायचे हे मला आजवर कोणी शिकवलेले नाही. झालेला प्रसंग सविस्तर लिहितो.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने आमच्याकडचे सोयाबीन किती भिजले ते मराठवाड्यातल्या माणसाला ठाऊक आहे. जे हाती लागले ते काळपट आणि दमट होते. त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आणि मोंढ्यातला भाव त्याहून बराच खाली, त्यामुळे प्रत्येकाची धाव खरेदी केंद्राकडे होती, आणि केंद्रावर ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. आमची कंपनी ते केंद्र चालवते. पोत्यात तीन ठिकाणी टोकदार नळी खुपसून दाणे काढायचे, यंत्राच्या वाटीत भरून झाकण घट्ट पिळायचे आणि आकडा वाचायचा, एवढेच काम. पण त्या आकड्यावर एखाद्या घराचे वर्ष ठरते. जुनी माणसे यंत्रावर विश्वास ठेवत नाहीत, ती दाणा दाताखाली धरतात. वाळलेला असला तर कट्‌ करून फुटतो, दमट असला तर नुसता दबतो.

त्या दिवशी दुपारी मामांची ट्रॉली लागली. आकडा १३.६ आला. रांगेतल्या सगळ्यांच्या नजरा माझ्यावर होत्या. मी मोठ्या आवाजात आकडा वाचला आणि ट्रॉली परत पाठवली. मामा काही बोलले नाहीत, फक्त टोपी काढून झटकली आणि गेले. संध्याकाळी एक विधवा बाई सहा पोती घेऊन आली. तिचा आकडा १४.२ होता. तिच्याकडे ताडपत्री नव्हती, भाड्याचा टेम्पो होता आणि तो परत न्यायला पैसे नव्हते. मला राहवले नाही. मी पोती घ्यायला सांगितली आणि ती थप्पीत मिसळली गेली.

चार दिवसांनी गोदामावर नेमके त्यातलेच एक पोते तपासणीला निघाले आणि अख्खा ट्रक परत आला. जाण्यायेण्याचे भाडे आणि दोन वेळची हमाली मिळून ११,४०० रुपये कंपनीच्या, म्हणजे सगळ्या सभासदांच्या अंगावर पडले. आता एक गट म्हणतो, अध्यक्षांनी हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवले. दुसरा म्हणतो, मामाची ट्रॉली परत पाठवली ती नुसती दाखवायला. तिसरा म्हणतो, ही पंचायत समितीची तयारी आहे. मामांच्या घरून तर बोलणेच बंद झाले आहे.

माझ्या मनात दोन्ही वेळी विश्वासाचीच प्रेरणा होती, याची मी प्रभूसमोर साक्ष देऊ शकतो. मामांच्या वेळी सचोटी, त्या बाईच्या वेळी दया. मग दोन्ही मिळून असे वाकडे का झाले? आणखी एक. पुढच्या सभेची सुरुवात प्रार्थनेने करावी आणि आपण कोणत्या मूल्यांवर ही कंपनी चालवू इच्छितो हे उघड सांगावे, असे मला वाटते. आमचे सचिव ‘साहेब, तेवढं सोडून द्या’ म्हणतात. जाणत्यांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : निवृत्त पाळक, जालना

प्रिय भाऊ, सलाम. आपले पत्र दोनदा वाचले. आपण ज्याला सचोटी आणि दया असे दोन वेगळे खण म्हणता ते पवित्र शास्त्रात एकाच अध्यायात शेजारी शेजारी आहेत, आणि तो अध्याय आपण पुन्हा एकदा, काट्याशेजारी बसून वाचावा अशी माझी विनंती आहे. लेवीय, अध्याय १९. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी ही आज्ञा प्रभूने उचलली ती याच अध्यायातून. पण त्या एका वचनावर आम्ही पाळकांनी इतकी प्रवचने दिली की त्याच्या आजूबाजूला काय आहे ते मंडळीला कधी दिसलेच नाही. आजूबाजूला शेत आहे, मजुरी आहे, तराजू आहे. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये. वजनात आणि मापात लबाडी करू नये. पिकाची कापणी करताना बांधाकडेचे कोपरे सोडावेत, पडलेली कणसे वेचू नयेत, ती गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्यावीत. आणि या सगळ्यांच्या मध्ये पंधरावे वचन आहे, जे आपल्या प्रश्नाला थेट भिडते : न्याय करताना गरिबाचे म्हणून तोंड पाहू नये आणि थोराची म्हणून भीड धरू नये.

थोराची भीड धरू नये हे आपल्याला कळते, आवडतेही. गरिबाचेही तोंड पाहू नये हे मात्र ऐकताना खटकते. तोच अध्याय जर गरिबासाठी शेताचे कोपरे सोडायला सांगतो, तर न्यायाच्या जागी त्याच गरिबाला सूट का नाकारतो? मी जो अर्थ लावत आलो आहे तो असा की शेत माझे आहे, तराजू माझा नाही. पवित्र शास्त्रातल्या बवाज नावाच्या शेतमालकाने रूथ या परक्या विधवेसाठी पेंढ्यांतून कणसे मुद्दाम ओढून टाकायला सांगितली ती स्वतःच्या शेतात, स्वतःच्या पेंढ्यांतून. त्याने शेजाऱ्याच्या खळ्यातून मूठभर उचलून रूथेच्या पदरात घातले असते तर त्याला आपण दया म्हटले नसते. आपण त्या बाईला टेम्पोचे भाडे आपल्या खिशातून दिले असते, रात्रभर आपली ताडपत्री दिली असती, दुसऱ्या दिवशी उन्हात दाणे पसरायला आपला मुलगा पाठवला असता, तर ते कोपरे सोडणे झाले असते. आपण आकडा सोडला, आणि आकडा चारशे जणांचा होता.

रागावून लिहीत नाही. मी स्वतः एका गावी मंडळीच्या धान्यनिधीतून अशीच ‘दया’ करीत असे आणि फार उदार म्हणून ओळखला जाई. एका वृद्ध पंचांनी मला एकदा विचारले होते, पाळकसाहेब, यातले आपल्या पगारातले किती? त्यानंतर काही वर्षे मला तो गृहस्थ आवडत नसे.

आपण जालन्याला आलात तर बेथेलला अवश्य जाऊन या. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ ही वसाहत उभी केली. जन्माने ब्राह्मण, १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला हा माणूस निजामाच्या मुलखात येऊन ज्यांच्याबरोबर गाव वसवायला बसला ते बहुतेक गावकुसाबाहेरचे होते. केवळ उपदेश करून त्यांना परत त्याच वेशीबाहेर पाठवणे त्यांना पटले नाही. शेती, पाणी, हातचे काम यांची सोय लावलेले गाव हवे, असा त्यांचा ध्यास होता. विश्वासाचे पुढारपण म्हणजे काय असे मला कोणी विचारले की माझ्या डोळ्यांपुढे प्रवचन येत नाही, आखलेली जमीन आणि खोदलेली विहीर येते.

प्रार्थनेविषयी माझे मत सचिवांच्या बाजूचे आहे, पण त्यावर इतर लिहितील.

उत्तर : आरोग्यसेविका, आष्टी (बीड)

मी ख्रिस्ती नाही, तरी लिहिण्याचे धाडस करते, कारण मी जे काम आयुष्यभर केले त्याला वळण एका ख्रिस्ती दांपत्याच्या कामाने लागले आहे. आमच्या आष्टीहून जामखेड लांब नाही; जिल्हा बदलतो, माणसे तीच आणि दुष्काळ तोच. तिथे डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प सुरू केला आणि १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, हे पुष्कळांना माहीत असते. त्यांनी ते कसे केले हे कमी लोकांना माहीत असते, आणि अध्यक्षांच्या प्रश्नाशी त्याचा संबंध आहे.

दोघेही वेल्लोरला शिकलेले. डॉक्टर म्हणून खुर्चीवर बसून राहिले असते तरी लोकांनी पाया पडून औषध नेले असते. परंतु गावात पाऊल टाकले तेव्हा त्यांना दिसले की लोकांची पहिली मागणी औषधाची नाहीच, अन्नाची आणि पाण्याची आहे. म्हणून ते आधी त्याला लागले. नंतर गावोगावच्या बायका निवडल्या गेल्या, त्यांतल्या कितीतरी निरक्षर, कितीतरी दलित वस्तीतल्या, आणि बाळंतपण, जुलाब, क्षय, कुष्ठरोग यांचे ज्ञान त्यांच्या हाती सोपवले. दर आठवड्याला या बाया जामखेडला जमत, एकत्र जेवत, शिकत आणि परत जाऊन गावाला शिकवत. शिकलेल्या परिचारिका खेड्यात टिकत नव्हत्या हे त्यामागचे एक व्यवहारी कारण होतेच. पण मला दिसते ते असे की ज्या ज्ञानामुळे डॉक्टर मोठा ठरतो तेच ज्ञान त्यांनी गावातल्या सगळ्यात खालच्या मानल्या गेलेल्या बाईच्या हाती दिले, आणि मग पाटलाच्या सुनेलाही त्या बाईला घरात घ्यावे लागले.

पाण्याचेही तसेच. सत्तरच्या दशकातल्या दुष्काळात कूपनलिका घेताना जागा शक्यतो दलित वस्तीत धरायची, असा त्यांचा कटाक्ष होता. पाणी हवे असेल तर साऱ्या गावाने तिकडे जायचे. यावर त्यांनी गावात व्याख्यान दिले असते तर गाव उठून गेले असते. हातपंपापाशी मात्र कोणाला उठून जाता येत नाही.

त्यांची श्रद्धा लपलेली नव्हती, पण ती ऐकण्याची अट कोणाला घातली जात नव्हती.

आता अध्यक्ष साहेबांना माझा एकच प्रश्न आहे. आपल्या पूर्ण पत्रात यंत्राला हात लावणारे, आकडा वाचणारे, माल घ्यायचा की परत पाठवायचा हे ठरवणारे आपण एकटेच दिसता. मामांनाही आपणच नाकारले, त्या बाईलाही आपणच तारले. ते यंत्र चालवायला अवघड नाही असे आपणच लिहिता. मग ते आपल्या हातात का आहे?

उत्तर : माजी खजिनदार, छत्रपती संभाजीनगर

पाळकसाहेबांनी जो विषय दुसऱ्यांवर सोडला तो मी घेतो, कारण त्या विषयाने माझी बारा वर्षे खाल्ली आहेत.

मी एका ख्रिस्ती संस्थेच्या विश्वस्त मंडळावर खजिनदार होतो. संस्थेचे आणि गावाचे नाव सांगणार नाही. आमचे अध्यक्ष अत्यंत सुंदर प्रार्थना करीत. सभा सुरू होण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे प्रार्थना, डोळे मिटलेले, दोन-तीन ज्येष्ठांचे डोळे पाणावलेले. आणि मग विषयपत्रिकेवर संस्थेच्या जमिनीचा एक तुकडा विकण्याचा ठराव. मी किंमत कशी ठरली ते विचारले. त्यांनी शांतपणे सांगितले की या गोष्टीसाठी मी तीन दिवस उपास केला आहे आणि देवाने मला मोकळीक दिली आहे. भाऊ, त्यानंतर खजिनदाराने काय विचारायचे? मूल्यांकनाचा कागद मागणे म्हणजे देवाकडे पावती मागण्यासारखे झाले. ठराव मंजूर झाला. कागद आजतागायत कोणी पाहिलेला नाही. मी राजीनामा दिला, तर माझ्या घरी येऊन माझ्यासाठी प्रार्थना करण्यात आली.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की सभेची सुरुवात प्रार्थनेने करू नका. चारशेतले बहुतेक जण अन्य धर्मांचे आहेत आणि ती कंपनी आहे, मंडळी नव्हे, हे एक कारण झालेच. परंतु सगळे चारशे ख्रिस्ती असते तरी मी हेच म्हटले असते. ज्या हातात काटा आहे त्याच हाताने देवाचे नाव पुढे केले की समोरच्याचे तोंड बंद होते. देवाचे नाव व्यर्थ घेऊ नये ही आज्ञा आम्ही शिवीगाळ करणाऱ्या पोरांना ऐकवतो. ती खरे पाहता सभाध्यक्षांना ऐकवायला हवी. घरी प्रार्थना करा, खोलीचे दार लावून करा, तसे सांगितलेलेच आहे. सभेत हिशेब वाचा.

हिशेब वाचण्याचा दाखला हवा असेल तर १ शमुवेल अध्याय १२ पाहावा. इस्राएलाचा न्यायनिवाडा करणारा संदेष्टा शमुवेल म्हातारा झाल्यावर साऱ्या लोकांपुढे उभा राहतो आणि म्हणतो की मी कोणाचा बैल घेतला, कोणाचे गाढव घेतले, कोणाला फसवले, कोणाकडून लाच घेऊन डोळ्यांवर कातडे ओढले ते माझ्या तोंडावर सांगा, मी परत करतो. लोक म्हणतात, तू काही घेतलेले नाहीस. हा भाग मंडळीत वाचला जातो. त्याच्या चारच अध्याय आधी त्याचे मुलगे न्यायाधीश म्हणून लाच खात होते आणि लोक त्याच कारणाने राजा मागायला आले होते, हा भाग सहसा वाचला जात नाही. स्वतः निर्मळ असलेला पुढारी घरच्यांपायी बुडाला. तेव्हा मामांची ट्रॉली परत पाठवलीत, उत्तम केलेत, त्याबद्दल पश्चात्ताप करू नका.

उत्तर : एक सभासद, पैठण तालुका

मी अशाच दुसऱ्या एका कंपनीचा साधा सभासद आहे, घरी पंढरीची वारी आहे. खजिनदार साहेबांचा प्रार्थनेविषयीचा मुद्दा आमच्याकडेही लागू पडतो. आमच्या एका चेअरमनच्या गळ्यात तुळशीची माळ होती आणि कडता, म्हणजे वजनातली कपात, सगळ्यात जास्त तोच कापत असे.

परंतु मामांच्या बाबतीत मला अध्यक्ष आणि खजिनदार या दोघांचेही पटत नाही. आकडा १३.६ होता तर माल परत गेला पाहिजे, यात वाद नाही. प्रश्न असा की तो मोठ्या आवाजात का वाचला गेला. इतरांचे आकडे आपण तसेच वाचत होता काय? नसाल, तर रांगेतला जो माणूस म्हणाला की ही दाखवायची गोष्ट होती, तो सगळा खोटा नाही. आईचा भाऊ, वय झालेला, चारचौघांत टोपी झटकून गेला. आपली सचोटी सिद्ध करण्याचा खर्च त्या म्हाताऱ्याने भरला. आपण बाईवर जी दया केली तिचा खर्च सभासदांनी भरला आणि मामांशी जी सचोटी दाखवली तिचा खर्च मामांनी भरला. दोन्हीकडे आपल्या पदरचे काही गेले नाही, उलट नाव मिळाले. कडू वाटेल, पण रांगेत उभ्या असलेल्या माणसाला असेच दिसते.

भाऊबंदांत कोणाचे चुकले तर आधी त्याला एकट्याला गाठून सांगावे, असे तुमच्या शास्त्रात आहे ना? आमच्या गावी एक फादर होते, त्यांच्या तोंडून मी हे ऐकले आहे. आदल्या दिवशी मामांच्या खळ्यावर जाऊन दाणा चावून पाहिला असता आणि ‘मामा, दोन ऊन अजून लागतील’ एवढे म्हटले असते तर ट्रॉली लागलीच नसती. तेही पुढारपणच आहे, फक्त ते कोणाला दिसत नाही.

दुसरे, व्यवहाराचे. सकाळी दवात आणलेला माल यंत्रावर जास्त दाखवतो, तोच दुपारी उन्हात चार तास पसरला की खाली येतो. केंद्राशेजारी एखादे खळे करा, पाच-सहा मोठ्या ताडपत्र्या कंपनीने ठेवा, ज्याचा आकडा थोडक्यात हुकला त्याला परत न पाठवता तिथेच वाळवू द्या. श्रीमंताला आणि गरिबाला एकच ताडपत्री. नियम सैल न करता त्या बाईची सोय होते.

उत्तर : निवृत्त पाळक, जालना

पैठणकरांचे म्हणणे मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहे, आणि ते मला सुचायला हवे होते. मान्य करतो.

आष्टीच्या ताईंच्या प्रश्नाला जोडून एक गोष्ट लिहितो. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६. यरुशलेमेच्या पहिल्या मंडळीत रोजच्या अन्नवाटपावरून कुरकुर झाली. ग्रीक बोलणाऱ्या विश्वासणाऱ्यांची तक्रार होती की आमच्या विधवांना डावलले जाते. म्हणजे पाहा, पहिले भांडण सिद्धान्तावरून झाले नाही, अन्न वाढण्यावरून झाले. प्रेषितांनी, म्हणजे प्रभूच्या निवडलेल्या शिष्यांनी, तक्रार करणाऱ्यांना अविश्वासू ठरवले नाही आणि ‘आम्ही प्रत्यक्ष प्रभूबरोबर होतो, आमच्यावर संशय घेता?’ असेही म्हटले नाही. सात माणसे निवडायला सांगितली आणि वाटप त्यांच्या हाती दिले. त्या सातांची नावे वाचा : स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सातही नावे ग्रीक. मला यात असे दिसते की ज्यांच्या बाजूची तक्रार होती त्यांच्याच हाती पळी दिली गेली. मी चाळीस वर्षे हा उतारा मंडळीच्या वडीलजनांच्या नेमणुकीच्या वेळी वाचत आलो आणि नावांकडे माझे लक्ष सेवेच्या शेवटच्या वर्षात गेले.

आपल्याविरुद्ध सर्वांत मोठ्याने कोण बोलते, भाऊ?

पुन्हा प्रश्नकर्ता : औसा तालुका

तीन आठवड्यांनी लिहीत आहे, उशिराबद्दल क्षमस्व. खरेदीची गर्दी होती आणि खरे सांगायचे तर पैठणकरांचे उत्तर वाचून दोन दिवस राग होता. मामांचा आकडा मी मोठ्याने वाचला होता. त्यांच्या आधीच्या कोणाचाही वाचला नव्हता.

सभा घेतली. प्रार्थना सभेत केली नाही, घरी केली. ११,४०० रुपयांचा हिशेब वाचून दाखवला, ती सहा पोती घेण्याचा निर्णय माझा एकट्याचा होता हे सांगितले आणि रक्कम कंपनीच्या खात्यात भरल्याची पावती सभेपुढे ठेवली. एका संचालकांनी, अध्यक्षांनी भरायची काय गरज, सगळे मिळून सोसू, असे म्हटले. मला ते ऐकून बरे वाटले, आणि बरे वाटले म्हणूनच मी ते स्वीकारले नाही. घरी पत्नीने विचारले की मुलीच्या फीचे काय. त्याचे उत्तर अजून शोधतो आहे.

ताडपत्र्यांचा ठराव झाला, सहा घेतल्या. पाळकसाहेबांनी विचारले होते की सर्वांत मोठ्याने कोण बोलते. एका बचत गटाच्या अध्यक्ष आहेत, हलवायाच्या घरावरचे तुळशीपत्र त्यांच्याच तोंडचे. त्यांना आणि त्या सहा पोतीवाल्या बाईंना मिळून यंत्रावर बसण्याची विनंती केली. पहिल्याने स्पष्ट नकार आला. आमच्या माथी पाप मारता काय, असे त्या म्हणाल्या. मग एक अट घातली की आकडा वहीत लिहिल्यावर अध्यक्षांसकट कोणी तो खोडायचा नाही. मंजूर केली. पहिल्या दिवशी त्यांनी दोनदा माझ्या चुलतभावाची पोती वाळवायला पाठवली आणि मला विचारलेदेखील नाही. खरे सांगतो, मला ते झोंबले. तेव्हा कळले की काटा सोडल्यासारखे मी नुसते म्हणत होतो.

मामांकडे गेलो होतो. एकटाच गेलो. आकडा बरोबर होता, आवाज चुकला, एवढे म्हणालो. ते गोठ्यात वैरण टाकत होते, टाकतच राहिले. मामींनी चहा दिला. नाताळच्या उपासनेला ते पलीकडच्या बाकावर बसले.

गेल्या सोमवारी त्यांची ट्रॉली पुन्हा लागली. मी कार्यालयात कागद पाहत होतो, मुद्दाम बाहेर आलो नाही. खिडकीतून दिसत होते. बाईंनी तीन ठिकाणचे दाणे काढले, वाटीत भरले, झाकण पिळले आणि वही मामांपुढे धरली. ११.८. मामांनी स्वतः एक दाणा दाताखाली धरून पाहिला, पावती बाईंच्या हातून घेतली, घडी करून टोपीत ठेवली आणि कार्यालयाकडे न पाहता ट्रॉली काट्यावर नेली.